फोटोची मागची बाजूही छापून देणारा स्टुडिओ

नाशिकच्या मेन रोडलगतच्या एका गल्लीत, आजवर पासपोर्ट फोटो आणि लग्नाच्या ऑर्डरींवर चालत आलेल्या एका जुन्या स्टुडिओने अलीकडे एक निराळे काम सुरू केले आहे. घरातले जुने फोटो नेऊन दिले की ते स्कॅन करतात आणि त्यांतल्या निवडक फोटोंचा, साधारण तीन ते आठ वर्षांच्या मुलांना हाताळता येईल असा, एक संच तयार करून देतात. या संचात जाड पुठ्ठ्याच्या पानांचे पुस्तक, तळहाताएवढी सुटी कार्डे आणि घडी घालता येणारी एक लांब कालपट्टी असते. आम्ही तो नातवासाठी आणि नातीसाठी करून घेतला. नातू पहिलीत आहे, नात अजून बालवाडीत जाते. माझे मत आधीच सांगून टाकते. कार्डे उत्तम आहेत, कालपट्टी चांगली आहे, पुस्तकावर पैसे घालू नयेत. काही तक्रारीही लिहायच्या असल्यामुळे दुकानाचे नाव देत नाही. हल्ली बरेच स्टुडिओ अशी कामे घेतात, त्यामुळे पुढचे मुद्दे दुसरीकडे जाणाऱ्यांनाही उपयोगी पडावेत.

आधी फोटोंच्या हाताळणीविषयी, कारण आपला ऐवज दुसऱ्याच्या हाती सोपवताना मनात पहिली शंका तीच असते. आमच्याकडचे फोटो दोन तऱ्हांचे होते. सासूबाईंच्या ट्रंकेतला काळ्या पानांचा अल्बम, ज्यात फोटोंचे चारही कोपरे कागदी खाचांत बसवलेले असतात आणि दोन पानांमध्ये पातळ, करकरणारा कागद असतो, तो आजही शाबूत आहे. त्याच्यानंतर तीस-चाळीस वर्षांनी, हौसेने आणलेला चिकट पानांचा आणि वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेला अल्बम मात्र पार कामातून गेला आहे. पानांवरचा गोंद पिवळा पडून फोटोंच्या पाठीशी एकजीव झाला आहे. नवा अल्बम जुन्याच्या आधी मोडीत निघावा, हे चित्र पुष्कळ घरांत दिसेल. स्टुडिओच्या मालकांनी यातला एकही फोटो ओढून काढला नाही. जे सुटण्यासारखे होते त्यांच्या पाठीमागून बारीक नायलॉनचा दोरा करवतीसारखा हळूहळू फिरवून ते त्यांनी सोडवले, आणि जे सुटेनात ते पानासकट स्कॅनरवर ठेवले. काचेला चिकटलेल्या एका फ्रेमच्या बाबतीत तर त्यांनी काच काढायलाच नकार दिला आणि काचेवरूनच फोटो घेतला. मूळ फोटोला लॅमिनेशन करून द्या, असा आग्रह धरणारे गिऱ्हाईक माझ्यासमोरच आले होते. त्यांनाही मालकांनी शांतपणे परत पाठवले. मशिनच्या उष्णतेने प्लास्टिक एकदा फोटोवर बसले की ते पुन्हा उतरवता येत नाही, हे त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे.

स्कॅनिंगच्या बाबतीत मात्र आपण होऊन विचारावे लागते. त्यांचा नेहमीचा रिवाज ३०० डीपीआयचा, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके टिपण्याचा, आहे आणि फोटो आहे त्या आकारात पुन्हा छापायचा असेल तर तेवढे पुरते. परंतु एके काळी घरोघरी असलेल्या अ‍ॅग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यातून निघालेले फोटो बहुधा निगेटिव्हच्याच आकाराचे, म्हणजे सहा सेंटिमीटर चौरस, छापून घेतलेले असतात. एका रोलमध्ये असे १२ फोटो निघत आणि मोठी प्रत काढायची म्हणजे जादा खर्च असे. एवढासा फोटो मुलांच्या कार्डावर दुप्पट आकारात यायचा असेल तर स्कॅन ६०० डीपीआयने करायला सांगावे. तसे सांगितल्यास ते कुरकुर न करता करतात. फाइली नेहमीच्या जेपीईजीबरोबर, बारकावे न गमावणाऱ्या टिफ स्वरूपातही मागून घ्याव्यात आणि त्या पेन ड्राइव्हवर घ्याव्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत नातेवाइकांना दाखवण्यापुरती ठीक असते, पण तिच्यातून बारकावे निघून गेलेले असतात, आणि या सगळ्या खटाटोपात मोल आहे ते बारकाव्यांनाच.

आता कार्डांविषयी, कारण या सेवेचा खरा गाभा तीच आहेत. प्रत्येक कार्डाच्या पुढच्या बाजूला फोटो आणि मागच्या बाजूला त्याच फोटोची पाठ, जशीच्या तशी, छापलेली असते. ही कल्पना कोणाला सुचली हे मी विचारले नाही, पण ज्याला सुचली त्याला मुले कळतात. आमच्या सासऱ्यांनी नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्यात नोकरी केली. १९२८ पासून चालू असलेल्या या छापखान्याला गावात अजूनही नुसते ‘प्रेस’ म्हणतात. त्यांच्या खात्यातल्या मंडळींचा एक मोठा ग्रुप फोटो आमच्याकडे आहे. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर साहेब लोक, मागे बाकांवर उभे राहिलेले कामगार, कोणाच्या डोक्यावर टोपी तर कोणाच्या खिशाला पेन. पाठीवर सासऱ्यांनी पेन्सिलीने ‘बसलेले’ आणि ‘उभे’ असे दोन भाग करून डावीकडून नावे लिहिली आहेत, एका नावापुढे प्रश्नचिन्ह आहे आणि खाली स्टुडिओचा जांभळा शिक्का आहे. नातवाने पुढची बाजू जेमतेम पाहिली असेल. मागची बाजू मात्र बोटाने ओळ धरून त्याने अख्खी वाचून काढली. नुकतेच वाचता येऊ लागलेल्या मुलाला पणजोबांचे अक्षर वाचता येते, आणि पणजोबांनाही एक नाव आठवले नव्हते हे कळते, ही ओळख गोष्टींतून होणाऱ्या ओळखीपेक्षा निराळी आहे. पुढचा प्रश्न अर्थातच पणजोबा घरी नोटा आणत होते का, हा होता. तिथे कामावरून सुटताना झडती होत असे, हे उत्तर त्याला इतके आवडले की पुढे कित्येक दिवस तो घरातल्या प्रत्येकाची झडती घेत होता.

कार्डांचा पुठ्ठा जाड आहे, कोपरे गोल कापलेले आहेत आणि वरचे आवरण मॅट आहे, त्यामुळे दिव्याखाली ते चमकत नाही. चकचकीत आवरणाचाही पर्याय देतात. तो घेऊ नये. नातीने दोन कार्डांचा चावा घेऊन पाहिला, आवरण सुटले नाही.

कोणते फोटो निवडायचे याबाबत मालकांचा सल्ला मागावाच, कारण आपला कल साहजिकच ‘चांगल्या’ फोटोंकडे जातो. मराठी घरांत मुलांना पणजोबा दिसतात ते भिंतीवर, हार घातलेले, सत्तरीतले आणि समोर रोखून पाहणारे. मुलांच्या लेखी ही माणसे जन्मापासूनच म्हातारी असतात. म्हणून संचात त्याच माणसाचा लहानपणीचा एक तरी फोटो असावा, असे ते सुचवतात. सासऱ्यांचा मुंजीतला एक फोटो आमच्याकडे निघाला: मुंडन केलेले डोके, मोठे कान, पितांबर नीट नेसता न आल्याने एका हाताने घट्ट धरलेले. तो आणि भिंतीवरचा फोटो यांची जोडकार्डे करून घेतली. नात कितीतरी वेळ दोन्हींतले कान ताडून पाहत होती, आणि शेवटी कानांवरूनच तिला ते पटले.

ऐटीत काढून घेतलेल्या स्टुडिओतल्या फोटोंपेक्षा ज्यांत एखादी वस्तू, जागा किंवा काम दिसते असे फोटो मुलांशी अधिक बोलतात, असा माझाही अनुभव झाला. आमच्या संचातले सर्वांत वापरलेले कार्ड गोदाघाटावरचे आहे. त्यात माझे यजमान आठ-नऊ वर्षांचे, हाफ चड्डीत, दुतोंड्या मारुतीसमोर उभे आहेत. साल १९७१ च्या आसपासचे असावे. ‘१९७१’ हा आकडा सहा वर्षांच्या मुलाला काहीही सांगत नाही, मारुती मात्र आजही तिथेच उभा असल्याने पुष्कळ काही सांगतो. कार्ड हातात घेऊन घाटावर जाता येते, आजोबा जिथे उभे होते तिथे उभे राहता येते, मागचे काय बदलले आणि काय राहिले ते पाहता येते. नदीला पूर आला की पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले की कमरेला यावरून नाशिककर त्याची मापे घेतात. त्या फोटोच्या थोडे आधी, १९६९ च्या सप्टेंबरात, गोदावरीला जो महापूर आला होता त्याची गोष्ट तिथे उभे राहून सांगितली की वेगळी समजावून द्यावी लागत नाही. काळ मुलांना ठिकाणांतून कळतो, असे माझे मत झाले आहे. म्हणूनच स्टुडिओ जादा पैसे घेऊन ‘तेव्हा आणि आता’ अशी जोडी करून देतो, म्हणजे त्याच जागेचा आजचा फोटो स्वतः जाऊन काढून आणतो, ते पैसे वाया जात नाहीत. अर्थात फोन घेऊन आपण स्वतः मुलांबरोबर गेलो तर त्याहून बरे.

मुख्य तक्रार आहे ती दुरुस्तीची. कार्डे छापण्याआधी प्रत्येक फोटो एका एआय प्रोग्रॅममधून ‘साफ’ करून घेण्याची इथे पद्धत आहे आणि ती गिऱ्हाइकाला आधी सांगितली जात नाही. घड्या, डाग, ओरखडे त्यात निघून जातात, हे खरे. परंतु प्रोग्रॅमला ओरखडा कोणता आणि दागिना कोणता हे कळत नाही. सासूबाईंच्या आईंच्या फोटोत नाकातली नथ ठिपक्याएवढी दिसते. साफ झालेल्या प्रतीत ती नथ नाहीशी झाली, कुंकू फिकट झाले आणि गालांना अशी काही गुळगुळीत तकाकी आली की सासूबाईंनी कार्ड दूर धरून, जवळ धरून पाहिले आणि ‘ही कोण?’ असे विचारले. त्यातच प्रोग्रॅमने रंगही भरले होते. लुगडे निळे झाले होते. प्रत्यक्षात ते डाळिंबी होते हे सांगणारे माणूस अजून घरात आहे म्हणून बरे. ते नसते तर पुढच्या पिढीसाठी ते लुगडे निळेच ठरले असते. जुन्या काळी स्टुडिओवालेही कृष्णधवल फोटो ब्रशने रंगवून देत आणि तेही गालांवर सढळ हाताने गुलाबी रंग लावत, पण तो रंग वरून लावलेला आहे हे पाहणाऱ्याला दिसत असे. इथे ते दिसत नाही, आणि मुलांना तर मुळीच दिसत नाही. हरकत घेतल्यावर मालकांनी सगळी कार्डे मूळ स्कॅनवरून, जादा पैसे न घेता, पुन्हा छापून दिली. तेव्हा ऑर्डर देतानाच चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्यावे: रंग भरू नये, चेहऱ्याला हात लावू नये, घडी असेल तर राहू द्यावी. घडी का पडली, फोटो कोणाच्या पाकिटात होता, हाही मुलांना सांगण्याजोगा भाग असतो.

याला एक अपवाद आहे. १९७०-८० च्या दशकांतले जे रंगीत फोटो आता तांबूस दिसतात, त्यांत निळसर रंगद्रव्य इतरांच्या आधी उडून गेलेले असते, अंधारात ठेवले तरी. त्यामुळे लाल-पिवळा भाग वर येतो. इथे रंग मुळात फोटोतच होते आणि त्यांचे अवशेष शिल्लक असतात, म्हणून संगणकावर समतोल साधून जे मिळते ते कल्पनेतून आलेले नसते. आमच्या नणंदेच्या लग्नाचे फोटो या स्टुडिओने फार सुरेख सुधारले; मांडवाचा हिरवा पडदा हिरवा दिसू लागला.

पुस्तकाविषयी फारसे चांगले लिहिता येत नाही. छपाई नीट आहे, बांधणी मजबूत आहे, पण प्रत्येक फोटोखाली त्यांचा ठरावीक मजकूर येतो: ‘हे आहेत तुझे लाडके पणजोबा’, ‘किती गोड आमची पणजी’. ज्या पणजोबांना मुलाने पाहिलेच नाही ते लाडके कसे, याचे उत्तर कोणाजवळ नाही. शुद्धलेखनाकडेही लक्ष दिलेले नाही. आपला मजकूर लिहून दिला तर तो छापतात, पण पानावर दोन ओळींपेक्षा जास्त जागा नाही. शेवटी ‘ओळखा पाहू’ म्हणून प्रश्नांचे एक पान आहे. ‘फोटोत आजोबा आहेत का?’, ‘ही आत्या आहे का?’ अशा प्रश्नांना हो किंवा नाही म्हटले की विषय संपतो आणि घराण्याच्या इतिहासाची तोंडी परीक्षा होऊन बसते.

या संदर्भात अमेरिकेतील एमरी विद्यापीठातल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फायवुश या मानसशास्त्रज्ञांचे काम लक्षात घेण्यासारखे आहे. आजी-आजोबा कुठे वाढले, आईवडील कसे भेटले, आपल्या जन्माच्या वेळी काय घडले, अशा वीस प्रश्नांची एक यादी त्यांनी मुलांसाठी तयार केली होती; ज्यांची उत्तरे मुलाने स्वतः पाहिलेली असणे शक्य नाही, ती कोणीतरी सांगितलेलीच असणार, अशा बेताने हे प्रश्न निवडलेले होते. ज्या मुलांना अधिक उत्तरे ठाऊक होती त्यांच्यात आत्मविश्वासही अधिक दिसला. पण म्हणून मुलांकडून उत्तरे पाठ करून घ्यावीत असा याचा अर्थ नाही, हे ड्यूक यांनी स्वतःच बजावले आहे. ती उत्तरे ज्या गप्पांतून, जेवताना, प्रवासात, सणावारी मुलांपर्यंत पोहोचतात, त्या गप्पांना महत्त्व आहे. पुस्तकातल्या प्रश्नांच्या पानाने या गप्पा खुंटतात. कार्डांमुळे त्या सुरू होतात, कारण कार्डावर काहीच सांगितलेले नसते. ‘याने हात मागे का लपवले असतील?’ एवढे विचारून आपण गप्प बसावे. उत्तर येते, बहुतेकदा चुकीचे येते, आणि मग खरे काय ते सांगायला घरातले वडीलधारे सरसावून पुढे येतात.

कालपट्टीचे दोन गुण सांगण्याजोगे आहेत. एक, ती मुलाच्या जन्मापासून सुरू होते आणि मागे मागे जाते, त्यामुळे पहिली घडी मुलाच्या ओळखीची असते. दुसरा गुण असा की खालच्या बाजूला शहरातल्या घटना छापलेल्या आहेत: सिंहस्थांची साले, १९६९ चा पूर, २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह. वर आपली माणसे आणि खाली गाव, अशी रचना असल्याने, तेव्हा आपल्या घरातले कोण किती वर्षांचे होते आणि कुठे होते, हा प्रश्न आपोआप निघतो. आमच्याकडे १९३० च्या प्रश्नाला कोणाजवळच धड उत्तर नव्हते आणि ते मुलांना तसेच सांगितले. पट्टीचा कागद मात्र पातळ आहे. घड्यांवर ती लवकर फाटेल असे दिसते.

दुकानात मुलांना नेण्याची सोय आहे आणि जरूर न्यावे. कोपऱ्यात तिपाईवर लाकडी पेटीचा जुना कॅमेरा मांडलेला आहे. मालक काळे कापड बाजूला करून मुलांना मागच्या दुधी काचेत पाहू देतात. तिथे रस्त्यावरची माणसे उलटी, डोके खाली पाय वर, चालताना दिसतात. नातू तिथून हलायला तयार नव्हता. जुन्या फोटोंतली माणसे हसत का नाहीत, हा मुलांचा हमखास प्रश्न. कॅमेऱ्यापुढे अंग ताठ ठेवून स्थिर राहावे लागे, ही त्याची एक बाजू, आणि फोटो हा गंभीरपणे करायचा विधी होता, ही दुसरी. मालक दोन्ही सांगतात, आणि मुलांना खुर्चीवर बसवून न हसता, न हलता राहायला लावतात. ते कोणालाच जमत नाही.

ज्यांच्या घरी जुने फोटो नाहीत त्यांनी काय करावे, यावर या सेवेत पुरेसा विचार झालेला नाही. कॅमेरा बाळगणारी घरे थोडी होती. अनेक कुटुंबांत आजी-आजोबांचा सर्वांत जुना फोटो म्हणजे मतदार ओळखपत्रावरचा. अशांसाठी शाळा सोडल्याचा दाखला, जुने रेशन कार्ड, लग्नाची पत्रिका, पोस्टकार्ड यांचीही कार्डे करायला हवीत. मागितली तर स्टुडिओ ती करतो, पण जाहिरातीत त्याचा उल्लेख नाही आणि फोटो नसलेला माणूस दुकानाची पायरी चढतच नाही. नाशिकमध्ये तर आणखी एक साधन हाताशी आहे. रामकुंड परिसरातल्या तीर्थोपाध्यायांकडे गावागावांनुसार यजमानांच्या नामावळीच्या वह्या असतात. तीर्थविधीला आलेल्या माणसाने आपले, बापाचे, आजाचे, भावांचे नाव त्यांत नोंदवलेले असते, पुष्कळदा स्वतःच्या हाताने. फोटो संपतात त्याच्याही मागे या वह्या जातात. आमचे मूळ गाव नगर जिल्ह्यातले असल्याने त्या गावाची वही ज्यांच्याकडे आहे त्या गुरुजींकडे नोंद मिळाली, आणि त्यांची परवानगी घेऊन त्या पानाचा फोटो काढून स्टुडिओकडून त्याचे कार्ड करून घेतले. बाकीच्या कार्डांत चेहरे आहेत, यात नुसती सही आहे. नातवाने तिची नक्कल करायला घेतली आहे.

खर्चाचे म्हणाल तर पूर्ण संच स्वस्त नाही. पुस्तक वगळून नुसती कार्डे आणि पट्टी मागितली तर रक्कम बरीच खाली येते, आणि ती तशी देतात. आधी नाही म्हणतील, थोडे थांबावे. दिवाळीपूर्वी आणि लग्नसराईत कामाला फार उशीर लागतो. पावसाळ्यात दुकान रिकामे असते, परंतु त्या हवेत अल्बम नेताना जाड प्लास्टिकच्या डब्यातून न्यावा आणि घरी आल्यावर लगेच कपाटात बंद न करता पंख्याखाली थोडा वेळ उघडा ठेवावा. मूळ फोटो परत घेताना मोजून घ्यावेत, पेन ड्राइव्ह दुकानातच उघडून पाहावा, आणि ज्या फोटोंच्या पाठी कोऱ्या असतील त्यांवर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून, बॉलपेन न वापरता, मऊ पेन्सिलीने नावे लिहून मगच ते स्कॅनला द्यावेत, म्हणजे कार्डांच्या मागच्या बाजू कोऱ्या येणार नाहीत.